दोन गावं, दोन शाळा आणि एक घरपट्टीवाली

घरपट्टी मागायला एखाद्याच्या दारात गेलं की आधी पाण्याचा तांब्या येतो, मग चहा येतो आणि मग कारणं येतात. भात अजून विकला गेला नाही. मुलगी बाळंतपणाला आली आहे. मालक जत्रेला गेलेत. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली की माझ्या हातातल्या सगळ्या गावांत कुणाचाच मालक घरी सापडायचा नाही. मी स्वतः जत्रेत गेले तर मात्र तिथे हे सगळे मालक भेटायचे, आणि वर आग्रहाने भजी खाऊ घालायचे.

मी ग्रामसेविका होते. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतच सगळी नोकरी झाली. राहायला बोर्डीला, सकाळी चिकूच्या वाड्यांमधून निघणारी एसटी पकडायची आणि संध्याकाळी अंगावर मुरमाची धूळ घेऊन परतायचं. गावात ग्रामसेवकाला ‘भाऊसाहेब’ म्हणतात. मी पहिल्यांदा हजर झाले तेव्हा लोकांची पंचाईत झाली. बाईला भाऊसाहेब कसं म्हणायचं? शेवटी एका म्हाताऱ्याने तोडगा काढला, ‘भाऊसाहेब मॅडम’. तो निवृत्तीपर्यंत टिकला. आजही डहाणूच्या बाजारात सुकट घेत उभी असले की मागून कुणीतरी ‘ओ भाऊसाहेब मॅडम’ अशी हाक मारतं आणि कोळीण बावचळून माझ्याकडे बघते.

आमचं काम काय, हे बाहेरच्या माणसाला नीट ठाऊक नसतं. जन्ममृत्यूच्या नोंदी, दाखले, पाण्याची टाकी, ग्रामसभेचे ठराव, आणि या सगळ्याला पैसा हवा म्हणून कर. घर किती मोठं, कशाचं बांधलेलं, किती जुनं, त्यात राहतात की धंदा करतात, हे पाहून कर बसतो. कुडाच्या भिंतीच्या घराला अगदी थोडा. पक्क्या घराला जास्त. कारखान्याला, गोदामाला त्याहून कितीतरी जास्त. दर किती लावायचा याला सरकारने खालची आणि वरची मर्यादा घातलेली असते. त्यामुळे गावाचं उत्पन्न गावकऱ्यांच्या मनाच्या मोठेपणावर ठरत नाही. गावात काय बांधलेलं आहे, त्यावर ठरतं.

मोजमाप घ्यायला गेलं की एकेक वल्ली भेटायची. एका कारखान्याच्या गुजराती मॅनेजरने चांगल्या ऐसपैस शेडखाली उभं राहून मला सांगितलं, “बेन, आ तो खाली छापरुं छे! नुसतं छप्पर! भिंतच नाही, मग बांधकाम कसलं?” मी म्हटलं, “शेठ, पावसात तुमचा माल भिजतो का?” ते हसले आणि टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. दुसरे एकजण नव्या खोलीला गोठा म्हणत होते. आत सोफा होता, टीव्ही चालू होता. “म्हैस टीव्ही बघते का?” मी विचारलं. “बातम्या तेवढ्या बघते,” ते गंभीरपणे म्हणाले. मला इतकं हसू आलं की टेप हातातून निसटली. कर मात्र लावला.

पण मला आज सांगायची आहे ती दोन गावांची गोष्ट. गावांची नावं बदलली आहेत. हमरस्त्याला लागून असलेल्या गावाला पिंपळवेढे म्हणू, आणि पूर्वेकडे डोंगरात असलेल्या गावाला चिंचखोरे. पिंपळवेढ्यात माझी नेमणूक होती. चिंचखोऱ्याचा ग्रामसेवक बदलून गेला, त्याच्या जागी कुणी येईना, म्हणून तिथला कारभारही माझ्याकडे आला. अशा वाढीव कारभाराला सरकारी भाषेत ‘तात्पुरता’ म्हणतात. माझा तात्पुरता कारभार मी निवृत्त होईपर्यंत चालला.

दोन्ही गावं एकमेकांना लागून. मध्ये एक ओहोळ, तीच हद्द. ओहोळाच्या अलीकडे गोदामं, प्लास्टिकचे कारखाने, ट्रकच्या रांगा. पलीकडे भात, नागली, वरई आणि कुडाची घरं. दोन्हीकडे जिल्हा परिषदेची शाळा. मास्तरांचा पगार सरकारचा, पुस्तकं सरकारची, दुपारची खिचडी सरकारची. कागदावर दोन्ही शाळा सारख्या. फरक त्याच्या पुढे सुरू व्हायचा. पंखा बिघडला, नळ तुटला, कौल फुटलं, लाईटबिल थकलं, की कुणाकडे बघायचं? ग्रामपंचायतीकडे. पिंपळवेढ्याच्या पंचायतीकडे गोदामांची घरपट्टी होती. तिथे नवी दुमजली शाळा उभी राहिली, फरशी बसली, संगणक आले, मुलींना वेगळं स्वच्छतागृह झालं. चिंचखोऱ्यात सगळ्या गावाची घरपट्टी अगदी पैन् पै वसूल झाली, तरी त्यातून टाकीवरच्या माणसाचा पगार निघताना मारामार. आदिवासी गावांसाठीच्या पेसा कायद्याचा निधी थेट गावाला यायचा, पण विहीर, मोरी, पाड्याचा रस्ता हे सगळं त्याच एका निधीकडे डोळे लावून बसलेलं असायचं.

एका वर्षी पावसाच्या तोंडावर मोठा वारा सुटला आणि चिंचखोऱ्याच्या शाळेचे पत्रे उडाले. एक तर शेजारच्या जांभळाच्या झाडात जाऊन अडकला होता. मी पंचनामा केला, दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवला. वरून उत्तर आलं की प्रस्ताव मिळाला. त्यापुढे काही आलं नाही.

शाळा उघडली ती समाजमंदिरात. पाऊस चारही बाजूंनी आत यायचा. गुरुजी फळा पाठीशी घेऊन फिरायचे. जिकडे कोरडं, तिकडे वर्ग. हळूहळू आईबाप पोरांना ओहोळ ओलांडून पिंपळवेढ्याच्या शाळेत पाठवू लागले. कुणाला दोष देणार? मीही आई आहे. मीही पाठवलं असतं.

गुरुजी एकदा पंचायतीत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, पट असाच उतरत राहिला तर आपली शाळा खालच्या शाळेत मिसळून टाकतील. एकदा बंद झालेली शाळा परत उघडलेली मी तरी पाहिलेली नाही.”

तिकडे पिंपळवेढ्यातही कुरकुर सुरू झाली होती. बाकावर दोघं बसायची तिथे तिघं बसू लागली होती. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत झेंडावंदनाचे लाडू संपायच्या आत विषय निघाला. काढला भिकूदादांनी.

भिकूदादा म्हणजे पिंपळवेढ्याचा जुना शेतकरी. उंच, वाकलेला, डोक्याला कायम पंचा. त्यांच्या सगळ्या जमिनीवर आता गोदाम उभं होतं. उरल्या होत्या चार म्हशी आणि गोदामाच्या भिंतीला टेकलेलं घर. माणूस तोंडाने तिखट, त्यामुळे बरेच लोक त्यांच्या वाटेला जात नसत.

“भाऊसाहेब,” ते उभे राहत म्हणाले, “आपल्या शाळेत बाहेरची पोरं किती झाली? शाळा कुणाच्या पैशानं बांधली?”

सरपंच काशिनाथ म्हणाला, “दादा, पोरं आहेत ती. शेजारचीच आहेत.”

“मला पोरांचा राग नाय रे. पण मला सांग, हा कर कुठून येतो? माझ्या शेतातून येतो. त्या गोदामाच्या जागेवर माझा बाप भात लावायचा. आता रातभर ट्रक हॉर्न मारतात, विहिरीच्या पाण्याला वास मारतो, रस्ता ओलांडताना माझी वहिनी गेली. हे सगळं आमी सोसायचं, आणि त्याच्या बदल्यात एक बरी शाळा मिळाली तर तीपण वाटून घ्यायची?”

मी कराचा आकडा वर्षानुवर्षं लिहीत होते, पण त्या आकड्याची किंमत अशी कुणी माझ्यासमोर मांडली नव्हती.

मला माझं काम करणं भाग होतं. मी सांगितलं, “दादा, कायद्याने सरकारी शाळेला कुठल्याही मुलाला नाही म्हणता येत नाही. आणि दुसरंही सांगते. पिंपळवेढ्याचा कर उचलून चिंचखोऱ्याच्या शाळेवर खर्च करू म्हटलं, तर तसंही मला परस्पर करता येत नाही. कर ज्या हद्दीतला, त्या हद्दीतच खर्च.”

तेव्हा मागून एक बाई उठल्या. मला त्या आलेल्या दिसल्याही नव्हत्या. चिंचखोऱ्याच्या सरपंच जानकीबाई. मध्यम वयाच्या, काटक, पावसाने साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. दुसऱ्या गावच्या ग्रामसभेत येऊन बोलायचा त्यांना अधिकार नव्हता. काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तो म्हणाला, “बोला, मावशी.”

सगळ्यांना वाटलं, आता ही विनवणी करणार. मलाही तेच वाटलं.

“मी पोरं ठेवून घ्या सांगायला नाय आले,” जानकीबाई म्हणाल्या. “मी पोरं परत न्यायला आले.”

पुढचे लोक मान वळवून मागे बघू लागले.

“बारकी बारकी पोरं ओहोळातून येतात. परवा एका पोरीची चप्पल वाहून गेली. उद्या पोरगी जाईल. आनि शाळा एकदा गेली की आमच्या पाड्यावर शिकलेलं मानूस यायचंच बंद होईल. भिकूदादा बोलले ते खरं हाय. तुमची शाळा आमाला नको. तुमची जुनी शाळा पाडली, तिची कौलं आनि वासे मागं पडलेत, त्यावर गवत वाढतंय. तेवढं आमाला द्या.”

जुन्या शाळेचा माल खरंच पंचायतीमागे पडून होता. मंगलोरी कौलं, सागाचे वासे, दारं, खिडक्या. ओहोळापलीकडच्या शाळेला छप्पर नव्हतं आणि अलीकडे एक अख्खं छप्पर जमिनीवर पडून होतं. इतकी सोपी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, कारण माझ्या डोक्यात ती ‘निर्लेखित साहित्य’, म्हणजे वापरातून काढून टाकलेला माल, म्हणून बसलेली होती.

काशिनाथ उत्साहाने म्हणाला, “भाऊसाहेब मॅडम, द्यायचं का?”

“फुकट देता येत नाही,” मी म्हटलं. ते शब्द बोलताना माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. “सरकारी माल आहे. जाहीर लिलाव करावा लागतो.”

“मग इकत घेऊ,” जानकीबाई म्हणाल्या आणि भिजलेला पदर पिळत खाली बसल्या.

लिलाव दसऱ्यानंतर ठेवला. चिंचखोऱ्याने ग्रामसभा घेऊन ठराव केला, की पंचायतीच्या शिलकीतून अमुक रकमेपर्यंत बोली लावायची, त्याच्या वर नाही. त्यांची झेप तेवढीच होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, दुसरं कुणी न येवो. पण लिलावाची दवंडी आणि नोटीस दोन्ही काढणारी मीच. सकाळी हमरस्त्यावरचे एक भंगारवाले शेठ टेम्पो घेऊनच हजर झाले. कौलांत त्यांना रस नव्हता. सागवानावर डोळा होता.

मी टेबलामागे उभी राहिले. लिलाव घेणाऱ्याने कुणाच्या बाजूचं असायचं नसतं. चेहरा कोरा ठेवायचा असतो. मी ठेवला.

शेठ बोलले. जानकीबाई बोलल्या. शेठ पुन्हा बोलले. जानकीबाईंचा आवाज प्रत्येक बोलीला थोडा बारीक होत गेला. शेवटी ठरावातली रक्कम आली आणि शेठ सहज, पान चघळत, त्याच्या पुढे गेले. जानकीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवू शकत नव्हते. त्या गप्प झाल्या.

“एक वार,” मी म्हटलं. “दोन वार...”

“थांबा,” मागून आवाज आला. भिकूदादा म्हशीला पाणी दाखवून आल्यासारखे सावकाश पुढे आले आणि त्यांनी शेठच्या वर बोली लावली.

शेठ वैतागले. त्यांनी वाढवली. भिकूदादांनी वाढवली. असं थोडा वेळ चाललं. मग शेठ म्हणाले, “काका, घर बांधायला काढलंय का? एवढ्यात नवं सागवान येईल.”

“तुमाला परवडत नसंल तर सोडा,” भिकूदादा म्हणाले.

शेठने सोडलं. मी ‘तीन वार’ म्हटलं आणि माल भिकूदादांच्या नावावर झाला. जमिनीच्या पैशातले काही पैसे अजून त्यांच्याकडे होते हे सगळ्यांना माहीत होतं. लोक आपापसांत म्हणाले, म्हातारा गोठा बांधणार. जानकीबाई निघून गेल्या. मी त्यांच्या पाठीमागे काही पावलं गेले आणि लिलावाचे कागद आवरायला परत फिरले.

दुसऱ्या दिवशी मी पंचायत उघडत होते, तर भिकूदादा ट्रॅक्टर लावून माल भरत होते.

“कुठे उतरवायचा दादा? जागा आहे का घरी?” मी विचारलं.

“घरी कशाला? वरती चाललोय, चिंचखोऱ्याला.”

त्यांनी एक कौल उचलून त्यावरची माती अंगठ्याने पुसली.

“या कौलाखाली मी बसलोय, भाऊसाहेब. चौथीपर्यंत. बापानं तिथून पुढं नाय धाडलं. ते त्या भंगारवाल्याच्या टेम्पोत जाताना मला बघवलं नसतं.” मग लगेच त्यांचा आवाज नेहमीसारखा तिखट झाला. “उपकार नाय करत हां मी कुनावर. त्या जानकीला सांगायचं, पैसे नकोत. माझ्या म्हशींना वैरण नाय, सगळीकडं काँक्रीट झालंय. दर साल डोंगराचं गवत द्यायचं.”

मी ट्रॅक्टरवर बसून त्यांच्याबरोबर वर गेले. ओहोळाचं पाणी ओसरलं होतं. जानकीबाई भात कापत होत्या. हातात विळा घेऊनच बांधावर आल्या आणि मालाकडे बघत राहिल्या. भिकूदादांनी गवताची अट सांगितली. जानकीबाईंनी थोडा विचार केला आणि त्या म्हणाल्या, “गवत देऊ. पन कापायला तुमी मानूस धाडायचं. आमी नुसतं दाखवू.”

“बरी आहेस,” भिकूदादा म्हणाले. “मला वाटलं होतं, तू मुकाट घेशील.”

“मुकाट घेतलं असतं तर तुमी उद्या बोलून दाखवलं असतं.”

भिकूदादा हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

भातकापणी चालू असतानाही पाड्यावरच्या लोकांनी दिवस वाटून घेतले. वासे चढले, कौलं चढली. एक म्हातारा कौलं लावण्यात पटाईत होता. त्याला डोळ्यांनी कमी दिसायचं, तरी तो वर बसून हाताने चाचपत ओळ सरळ ठेवायचा आणि खालच्या तरण्या पोरांना शिव्या घालायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा आपल्या जागी भरली. खाली गेलेली पोरं परत आली. सगळी नाही. मोठी मुलं पिंपळवेढ्यातच राहिली, कारण तिथे वरचे वर्ग होते. पण पट तगला, शाळा तगली.

दुरुस्तीच्या प्रस्तावाला पुढे मंजुरी आली. तेव्हा चढवलेल्या कौलांवर शेवाळ धरलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी वर बघून विचारलं, “हे छप्पर कुठल्या योजनेतलं?” मी म्हटलं, “सर, गवताच्या.” त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

मी निवृत्त झाले तेव्हा दोन्ही गावांनी निरोप समारंभ केला. पिंपळवेढ्याने सभागृहात, शाल आणि घड्याळ देऊन. चिंचखोऱ्याने शाळेच्या ओट्यावर, तांदळाच्या भाकरी आणि चटणी देऊन. मी रडले ती दुसऱ्या ठिकाणी.

त्यानंतर मी बोर्डीला घरी असायचे. सकाळी समुद्रावर चक्कर, दुपारी झाडांना पाणी. सवय अशी लागलेली, की नवं बांधकाम दिसलं की डोळे आपोआप लांबीरुंदी घ्यायचे. एक दिवस जानकीबाईंचा फोन आला. सरपंचपद गेलेलं, पण लोक अजून त्यांनाच विचारून करायचे. “मॅडम, ग्रामसभा हाय. या.”

“मी आता कोण?”

“पाव्हन्या म्हनून या.”

मी गेले. सभा शाळेच्या ओट्यावर भरली होती, विषय गोदामाचा होता. रस्ता रुंद झाला होता आणि गोदामं ओहोळाच्या काठापर्यंत आली होती. आता एका कंपनीला चिंचखोऱ्यातली ओहोळालगतची जागा हवी होती, लांब मुदतीच्या भाड्याने. तीच भाताची सगळ्यात चांगली जमीन. नवा ग्रामसेवक तरुण, हुशार मुलगा होता. त्याने फळ्यावर लिहून दाखवलं, की गोदाम झालं तर वर्षाला किती कर येईल. त्यात शाळेला दोन नव्या खोल्या होतात, संगणक येतात, लाईटबिलाचा प्रश्न कायमचा मिटतो. शाळेची वीज तेव्हा पुन्हा तोडलेली होती, त्यामुळे आकडा सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. मुलगा खोटं काहीच सांगत नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

तरण्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारे जमिनीकडे बघत बसले.

जानकीबाई उठल्या. “मी एका मानसाला बोलावलंय,” त्या म्हणाल्या. “त्याला यातलं ठाऊक हाय.”

ओट्याच्या कडेला भिकूदादा बसले होते. खूप थकले होते. एका पोराने हात धरून त्यांना उभं केलं.

“शाळा पाहिजे तर आमची येऊन बघा,” ते म्हणाले. “झकास आहे. खोटं कशाला बोलू? पोरांना लिफ्ट नाय, बाकी सगळं आहे. आमाला ते गोदामानं दिलं.” थोडा वेळ त्यांना दम लागला. “माझा नातू त्याच शाळेत पहिला आला. त्याच्या पुस्तकात भातलावणीचा धडा होता. मला बोलला, आजा, दाखव. मी त्याला घेऊन निघालो. आमच्या गावात दाखवायला जागा सापडली नाय. मी त्याला ओहोळ ओलांडून इकडं आणलं. या जानकीच्या शेतात उतरवलं. आता तुमी काय ते ठरवा. मी सांगणारा कोण?”

ते बसले. पुष्कळ वेळ चर्चा झाली. एकदोन तरुण चिडलेही. त्यांचं म्हणणं होतं, भाताने पोट भरत नाही, खाली गोदामात हमाली करायला जावंच लागतं, मग गोदाम इथेच आलं तर वाईट काय? त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी हात वर झाले. जमीन द्यायची नाही, असं ठरलं. फार मोठ्या फरकाने नाही, पण ठरलं.

ग्रामसेवकाने ठराव लिहिला आणि पेनाला टोपण लावत विचारलं, “मग शाळेच्या लाईटचं काय करायचं?”

“घरपट्टी वाढवा,” जानकीबाई म्हणाल्या.

“वाढवता येत नाही, मावशी. आपण कमाल दर कधीचाच लावलाय. त्याच्या वर कायद्याने जाता येत नाही.”

“आमी द्यायला तयार हाय तरी?”

“तरीही.”

जानकीबाई माझ्याकडे वळल्या. “खरं काय हो, मॅडम?”

“खरं आहे,” मी म्हटलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. मी सारी नोकरी दारोदार फिरून लोकांची करातून सूट मागणारी तोंडं पाहिली होती. गोठ्यातले सोफे पाहिले होते, भिंती नसलेले कारखाने पाहिले होते. कर वाढवा म्हणणारं गाव मी पहिल्यांदा पाहत होते, आणि कायदा त्यांना नाही म्हणत होता. ज्या गावाकडे मोजायला गोदाम आहे त्याने कितीही गोळा करावं. ज्यांच्याकडे फक्त कुडाच्या भिंती आहेत त्यांनी मन मोठं केलं तरी त्याला रजिस्टरात रकाना नाही. या नियमाने मी पगार घेतला, पेन्शन घेते आहे. तरी त्या ओट्यावर बसून तो मला पटेना.

“लोकवर्गणी घेता येईल,” मी म्हटलं. “शाळेसाठी. रीतसर पावती देऊन. त्याला कमाल दर नसतो.”

ग्रामसेवकाने पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. लोक उठून त्याच्याभोवती जमले. कुणी कमरेची पिशवी सोडली, कुणी ‘घरून आणतो’ म्हणून पळालं, कुणी तांदूळ चालेल का विचारलं. मघाशी चिडलेल्यांपैकीही एकजण आला. नोट ठेवून बाजूला झाला. मुलाला एकट्याला आवरेना. नावं विचारायची, लिहायची, सुटे द्यायचे. थोडा वेळ मी हात आवरून बसले.

मग मी म्हटलं, “सरक जरा, बाळा,” आणि दुसरं पावतीपुस्तक ओढून घेतलं.

माझ्यासमोर पहिल्यांदा म्हातारे नवराबायको आले. नवऱ्याने पैसे पुढे केले. मी त्याचं नाव लिहायला घेतलं, तर तो म्हणाला, “तिची पावती येगळी फाडा, भाऊसाहेब मॅडम. ती पन कामाला जाते.”

मी दोन पावत्या पुढे घेतल्या. “नाव काय, मावशी?”

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग स्वतःचं नाव, बापाचं, नवऱ्याचं, पाड्याचं, सगळं ठासून सांगितलं आणि माझी शेवटची वेलांटी पुरी होईपर्यंत वाकून कागदाकडे बघत राहिली.